सोडलेला पिवळा

"झालं, दादा. लाकूड वलं व्हतं, पर लागलं शेवटाला."

धाकट्या भावाचा, चिमाजीचा, हा आवाज सोमाजीच्या मनात राहूनच गेला होता. भिंतीत एखादा खिळा ठोकावा आणि त्यावर पुढं कधीच काही अडकवू नये, तसा. हस्ताचा पाऊस नुकता उघडला होता. गावाकडच्या, निमगाव सावाच्या, घराबाहेर चिमाजी उभा, पोटऱ्यांपर्यंत ओढ्याचा चिखल, अंगाला धुराचा वास. आत सोमाजीची बायको लंका भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही. पोर ज्या पाळण्यात गेलं तो पाळणा घरात ठेवायचा नसतो, दुसऱ्याला द्यायचा नसतो, पाण्याकाठी नेऊन जाळायचा असतो. आणि ज्यानं तो घडवला त्याच्या हातानं तो जाळवत नाही, म्हणून चिमाजी गेला होता. लाकूड वलं व्हतं. त्या एका बारीक गोष्टीवर सोमाजीचा सगळा विश्वास उभा होता. खोटं बोलणारा माणूस नुसता 'जाळला' म्हणतो. ओलं लाकूड, त्याची धुसफूस, फुंकून फुंकून डोळ्यांत आलेलं पाणी, हे जाळणाऱ्यालाच आठवतं. असं त्यानं तेव्हा मनात मांडलं नव्हतं. आज मांडलं, जुन्नरच्या पेठेत, धरमचंद शेठच्या दुकानामागच्या परसात, दोन्ही अंगठे रंग खरवडून तापलेल्या पत्रीवर टेकलेले असताना. अंगठे भाजत होते आणि तरी त्याला ते उचलता येईनात.

त्याच्यासमोर एक पाळणा आडवा पडला होता आणि पाळण्याच्या तळपट्टीवर, हिरव्या रंगाखालून निघालेल्या लाकडावर, केसाएवढी एक वर उठलेली रेघ होती.

सकाळी तो आला तेव्हा पाळणा निळा होता. धरमचंद शेठची बायको सुंदरबाई परसाच्या पायरीवर बसून राहिली होती. नातवाचं नाव ठेवायचं होतं, सून गुलाबबाई आतल्या खोलीत बाळाला घेऊन होती, आणि सुंदरबाईला हा पाळणा सगळा उघडा करून नव्यानं रंगवून हवा होता. आधी तिनं सोमाजीला तो सावलीत नुसता ठोकायला लावला, सांध्यांतले ढेकूण, मुंग्या आपल्या पायानं बाहेर जाव्यात म्हणून. आमच्यात जीव मारत नाहीत, तुम्ही जरा दम धरा, म्हणाली. सोमाजीनं दम धरला. तेवढ्यात त्यानं कापडाची गुंडाळी सोडून आपल्या पत्र्या मांडल्या. तळहाताएवढे पोलादाचे तुकडे. बापाची करवत मोडली तेव्हा दोघा भावांनी तिचं पातं वाटून घेतलं होतं, भाकरी वाटावी तसं. आपल्या वाट्याच्या पात्यातून सोमाजीनं तीन पत्र्या कापल्या होत्या. एक जाड, वरच्या तैलरंगाला. एक पातळ, खालच्या रोगणाला. आणि एक चंद्रकोरीसारखी खोलगट, कातीव खुंट्यांच्या गळ्याशी फिरायला. सुंदरबाईनं विचारलं, चुना आणि पापडखार कालवून फासला तर रंग आपोआप नाही का निघणार. निघतो, पण लाकूड काळं पडतं, म्हातारं दिसतं, असं तो म्हणाला, तर ती हसली. म्हणाली, "तुमच्यावर कुणी फासला होता वाटतं. हा पाळणा बघा, वीस वर्षांचा होऊन गेला, पण तुमच्यापेक्षा सरळ उभा राहतो."

तोही हसला होता. मग त्यानं जाड पत्री घेतली, तिची धार कानशीनं सपाट केली आणि पटाशीच्या पाठीनं घासून तिला कड वळवली, बोटाला लागेल न लागेल एवढीच. सगळं काम ती कड करते. पत्री नुसती तिच्यामागून चालते. दोन्ही अंगठ्यांनी पोलाद मध्ये किंचित वाकवायचं, पुढं कलतं धरायचं, आणि लाकडाच्या रेषेबरोबर ढकलत न्यायचं. आडवं गेलं की लाकूड ओरखडतं, आणि ओरखडलेलं लाकूड ते विसरत नाही. जोर मनगटात नसतो, कलण्यात असतो. फार उभी धरली तर पत्री नुसती घसरते, फार निजवली तर रुतते. हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि त्यानं चिमाजीला. निळा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला. त्याखाली हिरवा होता. हिरवा पन्नालालच्या वेळचा, सुंदरबाई म्हणाली; पन्नालाल म्हणजे तिचा मुलगा, ज्याचं हे बाळ. त्याच्या आधी पाळणा कसा होता हे तिला नीट आठवत नव्हतं. सासऱ्यांनी तो बेल्ह्याच्या बाजारात एका धनगराकडून बाजरी देऊन घेतला होता. धनगराच्या घोड्यावर कोकरांच्या आणि गाडग्यांच्या मध्ये तो उलटा बांधलेला होता. "कुणीतरी वरून ओरबाडला होता हो. कुत्र्यानं नखं मारल्यासारखा. म्हणून मी हिरवा थापून टाकला. पण पायगुणाचा निघाला. ह्यात निजलेलं एक पोर आजारी म्हणून पडलं नाही." नंतर ती म्हणाली, ह्या खेपेला मात्र पिवळा जर्द हवा. शुभ असतो.

सोमाजी म्हणाला होता, पिवळा सोडून कोणताही सांगा. आमच्या घरच्या बाईनं पिवळा सोडलाय.

ह्यावर सुंदरबाईनं आत सुनेला हाक मारून सांगितलं होतं, ऐकलंस का, बायकोनं सोडला म्हणून नवरा हातात धरत नाही. आपल्या घरात आणा म्हणावं असला एखादा. गुलाबबाई आत हसल्याचा आवाज आला होता, आणि बाळाचा एक हुंकार. सकाळ तशी बरी होती.

मग ती रेघ.

त्याच्या जाड पत्रीच्या धारेला एक खाच होती. बापाच्या हातात असताना करवत एका खिळ्यावर गेली होती, तिथली. कानशीनं कितीही घासलं तरी तिचा मागमूस राही, आणि ती पत्री जिथून जाई तिथं लाकडावर केसाएवढी उंच रेघ सोडी. दिसणाऱ्या जागी सोमाजी ती शेवटी काचेच्या तुकड्यानं उतरवून टाकी. न दिसणाऱ्या जागी राहू देई. पाळण्याच्या तळपट्टीकडं कोण बघतं. आता पत्री तळपट्टीवरचा हिरवा काढत पुढं गेली आणि तिची खाच त्या जुन्या रेघेवर बरोबर बसली. बैल आपल्या गोठ्यात शिरावा तशी बसली. अडली नाही की खरखरली नाही. त्याच्या हाताला कळलं आणि त्याला कळायचं राहिलं, असा एक क्षण गेला. मग अंगठे भाजले.

धूर कशाचा होता मग?

हाच पहिला विचार आला. पाळणा का जाळला नाही, कुणी दिला, कसा गेला, ह्यातलं काही नाही. चिमाजीच्या अंगाला धुराचा वास होता. काहीतरी जाळलं होतं त्यानं, सोमाजीला फसवायला म्हणून ओढ्याकाठी बसून काहीतरी पेटवलं होतं, आणि ते ओलं होतं. म्हणजे ती बारीक गोष्ट खरीच होती, फक्त पाळणा नव्हता. चिमाजीला जाऊनही आता वर्षं लोटली होती. गाठीच्या तापात, गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले तेव्हा, त्याचं डोकं सोमाजीच्याच मांडीवर होतं. दादा, पाणी. दादा, ऊन लागतंय. सगळं बोलला, हे सोडून. मरताना माणूस खोटं काढून ठेवतो म्हणतात. चिमाजीनं ते बरोबर नेलं. आता त्याला विचारायचं कुणी? ज्यानं फसवलं तो मेला की फसलेल्या माणसाला राग ठेवायला जागा उरत नाही. तो हातात धरून हिंडावं लागतं, निखारा धरल्यासारखा, हा हात त्या हातात करत.

सुंदरबाई आत गेली होती. सोमाजीनं पाळणा उभा केला आणि उशाकडच्या फळीवर पातळ पत्री लावली. त्याला ठाऊक होतं तिथं काय असायला हवं, आणि ते नसावं असंही वाटत होतं. आपल्या पोरीचं नाव साळू ठेवायचं ठरलं म्हणून त्यानं उशाशी दोन साळुंक्या काढल्या होत्या. काजळीनं अंग, तांबड्या हिंगुळानं खालची वेल, आणि पिवळ्या हरताळानं चोच, डोळ्याभोवतीचा डाग, पाय. आणि तोच पिवळा सगळ्या कठड्यावर, बोटभर रुंद पट्टा. लंकाला तो पिवळा इतका आवडला होता की ती दळताना गायला लागली होती. जात्यावर तिचा आवाज पिठासारखाच पडे, एकसारखा, मऊ:

सुताराच्या माझ्या घरी, पाखरं गं लाकडाची
पिवळ्या चोचीनं टिपती, कणी कणी साखरेची

पाळण्याच्या कठड्याला, हळदीचं ऊन आलं
माझ्या साळूबाईसाठी, रानातून चालत आलं

बारसं तोंडावर आलेलं. रंगावर चंद्रसाचं रोगण दोन हात द्यायचं, हा बापाचा दंडक. एकच हात झाला. दुसरा सवडीनं देऊ म्हणून राहिला, मग शेतीच्या अवजारांची कामं आली, मग लोकांची दारं-खिडक्या. सुताराच्या घरचं काम नेहमी उद्यावर. पोर बसायला लागली तशी दोन्ही मुठींनी कठडा धरून ती तो चघळत बसे, लाळेनं हनुवटी ओली, दात शिवशिवत असतील. सोमाजी पाटावरून बघे आणि म्हणे, सुताराची लेक, लाकूडच खाणार. चिमाजी त्यावर म्हणे, दादा, पुढं रंधा टाक हिच्या ताटात. सगळे हसत. लंका हसे. ते हसू आता त्याला आठवलं तेव्हा वाटलं, तेही खरं होतं का. एक खोटं सापडलं की माणूस मागं मागं जाऊन सगळी चिल्लर वाजवून बघायला लागतो.

हिरव्याखालून काळं अंग निघालं. एक साळुंकी, मग दुसरी. वीस वर्षं हिरव्या रंगात गाडलेली, पण पंखांवरची त्याची रेघ जशीच्या तशी. हिंगुळाची वेलही निघाली, फिकी, तरी तांबडी. त्यानं श्वास सोडला. मग त्यानं चोच शोधली. चोचीच्या जागी खड्डा होता.

तिथं लाकूड खरवडलेलं होतं. पायांच्या जागीही. डोळ्याच्या जागीही. सुंदरबाई म्हणाली तसं, कुत्र्यानं नखं मारल्यासारखं. त्यानं कठड्याकडं पत्री नेली. कठडाभर तेच, टोकापासून टोकापर्यंत, बोटभर रुंद पट्टा लाकडाच्या मांसात उतरलेला. आणि हे कुणा सुतारानं केलेलं नव्हतं. रेषेला आडवं, तिरकं, उलटं, जसं येईल तसं. जिथं निघेना तिथं पुन्हा पुन्हा, अंगातली सगळी ताकद लावून. प्रत्येक ओरखडा एका बाजूनं खोल होता, एका बाजूनं उथळ, जणू हत्याराचा एक कोपरा वाकलेला होता. सोमाजीनं आयुष्यभर लाकडावरून हत्यारं वाचली होती. ही पत्री नव्हती, पटाशी नव्हती, खुरपं नव्हतं. रुंद, बोथट, पातळ आणि एका कोपऱ्याला वाकलेलं लोखंड. ते त्यानं काल रात्रीच पाहिलं होतं. रोज पाहत होता. एकदा तेलाच्या डब्याचं झाकण निघेना म्हणून त्यानंच ते झाकणाखाली घातलं आणि कोपरा वाकवला. लंका चार दिवस बोलली नव्हती. चुलीपाशी टांगलेलं उलथणं.

तो खाली बसला. म्हणजे चिमाजी एकटा नव्हता.

भावाचं खोटं त्यानं हातात धरलं होतं. हे त्याला कुठं धरावं तेच कळेना. कारण त्या घरात त्या दिवसापासून दोघंच होती; पुन्हा कूस उजवली नाही. जे काही होतं ते साळूचं जाणं होतं, आणि ते दोघांचं होतं, एकाच ताटातलं. दुसरी माणसं पोरांमध्ये, जमिनीमध्ये एक असतात; ही दोघं त्या एका जाळलेल्या पाळण्यामध्ये एक होती. तो कधी बोलला नाही, ती कधी बोलली नाही, आणि त्याला वाटे, दोघंही एकाच धुराकडं बघतायत. ती बघत नव्हती. तिला ठाऊक होतं की तिकडं धूर नाही. भिंतीकडं तोंड करून बसली होती ती त्याच्यापासून तोंड लपवायला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हाताची त्याला आता लाज वाटली.

आणि तो पिवळा. त्या हस्तानंतर एकदा ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली होती, साळूच्या नावानं मी पिवळा सोडला. लोक काशीला जाऊन आवडतं फळ सोडतात, तसा. लुगडं न्हाई, झेंडूचं फूल न्हाई, रंग न्हाई, आन् तुमीबी हातात धरायचा न्हाई. घरातला हरताळ तिनं स्वतः उकिरड्यापलीकडं खोल खड्डा करून पुरला होता. सोमाजीला ते इतकं पटलं होतं. जो रंग पोरीला आवडे तोच सोडायचा. पोळ्याचे लाकडी बैल करायचे तर लोक पिवळी शिंगं मागत. तो देत नसे, गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाई. गाव सुटलं, जुन्नरला आले, तरी त्याच्या रंगांच्या वाट्यांमध्ये एक वाटी कायम नसलेली. ती नसलेली वाटी त्याला देवासारखी होती. आता त्याला दिसलं ते असं की एक बाई उलथणं घेऊन बसलीय, आणि आपल्याच पोरीची पाखरं ओरबाडतेय, त्यांच्या चोची काढतेय, डोळे काढतेय, पाळणा धनगराच्या हवाली करण्याआधी ओळख पुसून टाकतेय. व्रत कसलं. चोरीवर घातलेलं पांघरूण.

तरी एक गोष्ट टोचत राहिली. ओळखच पुसायची होती तर काळं अंग का ठेवलं? वेल का ठेवली? अख्खी साळुंकी ठेवून फक्त चोच का? पण रागावलेला माणूस अशा प्रश्नापाशी थांबत नाही. तो त्याला ओलांडून जातो.

सुंदरबाई बाहेर आली आणि पाखरं बघून हरखली. अगबाई, हे आत होतं का, म्हणाली. गुलाबबाईला बोलावलं, ती बाळाला पदराखाली घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली आणि हवेत कशाला तरी पकडू लागली. सुंदरबाईनं विचारलं, ह्यांच्या चोची तेवढ्या गेल्यात, भरून द्याल ना. सोमाजीनं त्या मुठीकडं पाहिलं आणि स्वतःलाही अनोळखी वाटलेल्या आवाजात म्हणाला, देतो. पिवळ्याच देतो. सगळा कठडाही.

"आणि घरच्या बाईचं सोडलेलं?"

"सोडलेलं धरता येतं, बाई."

परत येताना तो काष्ठौषधीच्या दुकानात थांबला आणि हरताळाची पुडी घेतली. दुकानदारानं सवयीनं बजावलं, हात धुवा बरं, उंदरांच्या औषधातलं आहे, पोटात जाऊ देऊ नका. हे काय सोमाजीला ठाऊक नव्हतं? बापानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर वर चंद्रस, दोन हात. पुडी कमरेला खोचून तो पेठेतून चालू लागला. शिवनेरीवर ऊन उतरत होतं आणि किल्ल्याची सगळी कडा पिवळी झाली होती. त्यानं तिकडं मुद्दाम पाहिलं. इतकी वर्षं तो त्या वेळी मान खाली घालून चालत असे, वेड्यासारखा, बायकोनं सोडलेल्या रंगाकडं बघायला नको म्हणून. त्याला स्वतःची दया आली आणि त्या दयेचा राग आला.

लंका भाकरी करत होती. तो आला, पाय धुतले, बसला. तिनं नेहमीप्रमाणं विचारलं, काम किती राह्यलं. तो म्हणाला, निम्मं. उलथणं तिच्या हातात होतं. भाकरीच्या कडेखाली वाकलेला कोपरा घालून ती भाकरी उचलत होती, हलक्या हातानं, न फाडता. तो त्या कोपऱ्याकडं बघत राहिला. ती त्याच्या अंगठ्यांकडं बघत होती, नखांत हिरवा रंग भरलेला, कातडी भाजून तुकतुकीत झालेली. त्यानं कमरेची पुडी काढली आणि चुलीपुढं ठेवली. कागद सुटला. चुलीच्या उजेडात ते पिवळं सोन्यासारखं चमकलं.

तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

"ह्ये कशाला?" लंका म्हणाली.

"शेठाणीला पिवळा पायजे. पाळण्याला. चोची भरायच्यात."

भाकरी करपू लागली, तिचा वास घरभर झाला, तरी तिनं ती उलटली नाही.

"साळुंक्यांच्या," तो म्हणाला. "काळं आंग तसंच हाय. चोची तेवढ्या कुणीतरी उलथण्यानं काढल्यात."

लंकाचा हात खाली आला. तिचं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं होतं, आणि ते त्याला वाटलं तसं नव्हतं. तिथं चोरी सापडल्याची शरम नव्हती. नुसती भीती होती, आणि ती भीती त्याची नव्हती. ती पुडीकडं बघत होती.

"कितीचं पोर हाय त्ये?"

"बारशाचं."

"लावू नका."

"का? तू सोडलंय म्हणून? तू काय काय सोडलंस आन् काय काय दिलंस ते आज कळलं मला. माझ्या भावाला खोटं बोलायला लावलंस. त्यो माझ्या मांडीवर मेला, तरी बोलला न्हाई."

"मीच शपथ घातली व्हती त्याला." तिनं तवा उतरवला. बोलताना तिचा आवाज जात्यावरच्यासारखाच होता, एकसारखा, जणू दळण संपेपर्यंत थांबायचं नाही. "त्यो पाळणा घेऊन ओढ्याला गेला तवा मी मागनं गेले. म्हणलं, लाकडाचा काय गुन्हा हाय. त्यानं वला पाला पेटवला, तुमाला धूर दिसावा म्हणून. राघू धनगराची मेंढरं बसली व्हती आपल्या वावरात. त्याची बायकू गजरा बाळातीण, पोर पाटीत निजवलेलं. तिला दिला. पर आदी दोन दिस कडब्याच्या गंजीमागं बसून पिवळा काढला. समदा. कणभर ठेवला न्हाई. काळा राहू दिला. तुमचा हात व्हता त्यो."

"पिवळाच का?"

त्याला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडं वळेल. तिनं दोन्ही हातांनी पुडी नीट मिटली, कोपरे आत दुमडले, आणि ती आपल्या पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"तुमी तवा विहिरीच्या काठाला जाऊन बसायचा," ती म्हणाली. "चिमाजी लांबनं राखण करायचा तुमची. कसं सांगणार व्हते? आन् मग येळच निघून गेली. आजबी सांगितलं नसतं. पर तिथं पोर हाय."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. लंकानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"शेवटच्या दोन दिसांत तिच्या हिरड्या पुसत व्हते मी," लंका म्हणाली. "पदराला पिवळं लागायचं. पुसलं की परत लागायचं. तुमी हसायचा ना, सुताराची लेक लाकूड खाती म्हणून. मीबी हसले. लाकूड न्हाई खाल्लं तिनं, धनी. रंग खाल्ला."